नाल्यावरचा धारेचा दगड

...आता तुमीच सांगा, दगड घासाले का साहेब लागते? तिकडे धान पिकून झडून राह्यला, घरातल्या चारही इळ्यायची धार गेली, अन् मी नाल्यावर काठी घेऊन बसलो... दगड राखत! दगड! कोनी चोरून नेईन म्हनून नाई जी, कोनी त्याच्यावर इळा घासन म्हनून! धारेच्या दगडावर इळा नाई घासाचा, तं का भाकर भाजाची?

तुमाले सांगतो, दिवाळी झाली अन् पुन्याचे एक साहेब आले. मूल गावापर्यंत मोटारीनं, पुढे बैलबंडीत आदळत. नाल्यावरचा आमचा दगड पाह्यला अन् खालीच बसले. "अहो वारलू! या खाचा पाहिल्यात? अश्मयुगातला माणूस इथं दगडी कुऱ्हाड घडवायचा! आधी टवके काढायचे, मग वाळू आणि पाणी टाकून घासायचं, दिवसचे दिवस! शेवटी चामड्यानं झिलई!" म्या म्हनलं, "हो जी." मनात म्हनलं, अन् आमी का चाटून धार लावतो? रेती, पानी, घासा! माहा आजाबी तेच करे. दगड घासाले का साहेब लागते?

पन नाई! म्हने करून पाहतो. बसले मांडी घालून, एक दगड घेऊन. तीन दिवस खर्र... खर्र... चष्म्यावर चिखल, हाताले फोड, अन् धार? पपई कापाले गेले, तं पपई चेंदली! चौथ्या दिवशी माही बायको मनकर्णा धुनं घेऊन आली, उभ्यानंच म्हने, "भाऊ, रेती जाड हाय, आता बारीक घ्या. अन् हात डोलवू नका, एका कलानं ओढा." साहेबानं केलं अन् धार आली! साहेब नाचले, अन् वहीत का लिवलं? 'आदिमानवाची पद्धत सिद्ध.' अरे, आदिमानव गेला चुलीत, सांगतलं कोनं?

मंग सर्वात खोल खाच मोजली. "उस्तादाचं काम! पाच हजार वर्षांपूर्वीचं! मेला हो तो कारागीर, नामशेष झाला!" म्या म्हनलं, "साहेब, हे तं मनकर्णाची. लग्न होऊन आली तवापासून इथीच इळा घासते. तिच्याआधी माह्या मायची होती." साहेब हसले. "वारलू, तुम्ही भारी विनोदी!" अन् दगडाभोवती चुना मारला, फोटोवाला घेऊन येतो म्हने, तोवर कोनी हात लावाचा नाई. पाटलानं काठी देल्ली माह्याच हातात!

अन् पह्यली आली कोन? मनकर्णा, चारही इळे घेऊन. "सरका." म्या म्हनलं, "साहेबाचा हुकूम हाय. अन् ज्यानं हे खाच पाडली, तो मेला म्हनते, पाच हजार वर्सांआधी." अगा बापा! तोंडातून निघून गेलं! तिनं इळे माह्या पुढ्यात आदळले. "मी मेली? बरं! मंग मेलेली बाई रांधत नाई."

सात दिवस झाले जी, घरी चुलीपुढं मीच. काल साहेबाचं पत्र आलं... 'एकही जिवंत माणूस दगडाजवळ फिरकू देऊ नका.' म्या धावतच घरी गेलो. म्हनलं, "मनकर्णा, चाल वो! जित्यायलेच बंदी हाय, तू बिनधास्त घास!"

आली. घासले. चारही इळे असे चमकले का पाहतच राहावं! म्या म्हनलं, "चाल आता, धान कापू." तं इळे माह्याच हातात ठेवून म्हने, "धार लावाची तेवढी मेलीनं लावली. कापाचं अन् रांधाचं जित्यानं पाहावं."