फायबरचा पाटा

मेहुणा : आता दुसरा घण शोधू नका दाजी. एकच होता, तो तुम्ही फेकलात.

मेस्त्री : डोकं वेळेवर हललं म्हणून वाचलास.

मेहुणा : डोकं वाचलं, कान फुटला. बघा, शर्टावर सांडतंय. पण घण जाऊन कशावर आदळला ते बघितलंत का? नव्या पाट्यावर.

मेस्त्री : बघितलं. साधा ओरखडा नाही.

मेहुणा : वरून नाही. ही गाडीखालची लोखंडी स्प्रिंगची कमान नव्हे दाजी, तिच्या जागी बसणारा फायबरचा पाटा आहे. थरावर थर चिकटवून केलेला. याला मार लागतो तो आत. थांबा, पाना वाजवून दाखवतो. हे टोक ऐका.

मेस्त्री : टण्ण वाजतंय की.

मेहुणा : आता मधे. घण लागला तिथे.

मेस्त्री : त्यात काय?

मेहुणा : फुटक्या मडक्यासारखं भद्द वाजतंय. आतले थर सुटलेत.

मेस्त्री : तू मला शिकवणार? आख्खं आयुष्य गाड्यांना कमानी चढवल्या मी. सात-सात पात्यांच्या. घणाचे चार घाव घातल्याशिवाय एकही जागेवर बसली नाही. मार खाऊनच सगळं सरळ होतं.

मेहुणा : सगळं?

मेस्त्री : सगळं. आणि तुझी गाडी कुठल्या गावाला निघालीय ते कळतंय मला. पुन्हा बहिणीचं नाव काढलंस तर याच पान्यानं दात पाडीन.

मेहुणा : मी विचारलं एवढंच, की ताईचं मनगट कसं मोडलं. त्यावर तुम्ही घण फेकलात. मला उत्तर मिळालं.

मेस्त्री : पायरीवरून पडली. डॉक्टरला तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय.

मेहुणा : पायरीला बोटं असतात का? तिच्या गळ्यावर पाच वळ आहेत.

मेस्त्री : हे घे. आता सहावा तुझ्या थोबाडावर.

मेहुणा : मारा. दुसरा कान राहिलाय अजून, त्यालाही कशाला उपाशी ठेवता?

मेस्त्री : तोंड मिटायचं आणि यू-बोल्ट द्यायचे. पाटा आजच चढणार. उद्या सकाळी गाडी खाणीवर पोचली नाही तर तिथल्या कामकरी बायकांची ने-आण दुसऱ्याला जाते. मग तूही बस घरी माश्या मारत.

मेहुणा : आणि त्या बायका भरून उतारावरून गाडी आणणार कोण? तुमचीच बायको, तीही मोडक्या हातानं. भरल्या गाडीत पाटा सुटला तर चाकांचा एक्सल तिरका होतो. तिथं रस्त्याला कठडा नाही, खाली नुसती दरी. ठाऊक आहे ना?

मेस्त्री : ठाऊक आहे.

मेहुणा : ठाऊक असून चढवताय?

मेस्त्री : तुला जमत नसेल तर मी चढवतो. तू जॅक मार.

मेहुणा : आधी गाडीखाली टेकणाला लोखंडी घोडी लावा. जॅक गळका आहे. दांडा मारत राहिलं नाही तर बसतो खाली.

मेस्त्री : मग मारत राहा. हात आहेत ना दोन? मला घोडीबिडी लावायला वेळ नाही. मी शिरतो खाली.

मेहुणा : रबराच्या गाद्या तरी घ्या. पाट्याच्या वर एक, खाली एक, मग यू-बोल्ट आवळायचा, तोही बेतानं.

मेस्त्री : बेतानं म्हणे. पाळण्यात घालून अंगाई म्हणू का त्याला? पुढचं टोक अडकवलं बघ. एवढंच तर होतं. आता मागचं ओढून घेतो. दांडा मार रे, गाडी खाली येतेय.

ताई : सरक. दांडा माझ्याकडे दे.

मेहुणा : ताई? तू कधी आलीस? आणि हात प्लास्टरमधे असताना...

ताई : बोटं मोकळी आहेत. दे म्हणते ना.

मेस्त्री : कोण आहे? ए, तू कशाला कडमडलीस इथं? घरी जा.

ताई : तुमचा डबा आणला होता. मघापासून दारात उभी होते. तुम्ही ‘ठाऊक आहे’ म्हणालात, तेव्हाही होते.

मेस्त्री : भावाकडे दे तो दांडा. गाडी खाली येतेय.

ताई : मारते की. हा एक मारला. पुरे?

मेस्त्री : अगं, छातीला टेकली. मला सरकता येईना. मेहुण्या, घोडी ढकल आत, लवकर.

ताई : घोडीला हात लावलास तर मी हात काढून घेईन. मागं हो.

मेहुणा : ताई, खून होईल गं.

ताई : आणि मी दरीत गेले असते तर? अपघात म्हणाले असते सगळे. तूही म्हणाला असतास, रडत रडत. अहो, ऐकताय ना? पाटा कसा आहे?

मेस्त्री : चांगला आहे. नवा कोरा आहे.

ताई : बरं. मग मी जरा थांबते. हात ठणकतोय.

मेस्त्री : थांबू नको. बरगडी... गेलाय. पाटा आतून गेलाय. मला आवाज कळला होता.

ताई : हा अजून एक मारला. घ्या श्वास. आणि हात?

मेस्त्री : कुठला हात?

ताई : हाच. तुम्हाला आत्ता उचलून धरलंय तो.

मेस्त्री : मी मोडला.

ताई : मोठ्यानं. भावाचा एक कान फुटलाय.

मेस्त्री : मी मोडला. दारात घालून दार लोटलं.

मेहुणा : ऐकलं ताई, ऐकलं मी. पोलिसांत येऊन सांगेन, जिथं म्हणशील तिथं सांगेन. आता लावू घोडी?

ताई : पाट्याचं मागचं टोक कुठाय?

मेहुणा : बाहेरच लोंबतंय. पुढचंच अडकवलंय त्यांनी.

ताई : करवत घे आणि मधोमध काप.

मेहुणा : आत्ता?

ताई : आत्ता. हे बाहेर आले की पाटा पुन्हा नवा कोरा होईल. आणि मी पुन्हा पायरीवरून पडलेली असेन.

मेस्त्री : काप रे, नको कोण म्हणतंय? पण आधी घोडी लाव. पाया पडतो तुझ्या.

ताई : तिथून कसे पडणार पाया? पडून राहा.

मेहुणा : आधी घोडी, मग लगेच पाटा. तुझ्या गळ्याची शपथ ताई.

ताई : माझ्या गळ्याची नको घेऊस. त्यावर आधीच पाच बोटं आहेत. आधी पाटा.

मेहुणा : फायबर आहे गं ते, चिवट असतं, लाकडासारखं झटकन तुटत नाही. तोवर त्या हातानं तुला धरवेल का?

ताई : तू सावकाश काप.