लेडीज स्वेटर

विक्रोळी स्टेशनबाहेर स्वेटरवाल्याला पैसे देऊन झाले, तरी अक्षता तिथेच रेंगाळली. शेजारी उभ्या असलेल्या एक बाई नवऱ्याच्या पाठीला स्वेटर लावून माप बघत होत्या.

"अगं जानकी, कंपनी चाललीय उत्तराखंडला, मी नाही. मी व्हीआरएस घेईन म्हणतोय."

"आणि घरी बसून काय करणार?"

"तुला मदत."

"लॉकडाऊनमध्ये केलीत ना. सगळ्या डब्यांना पार्ट नंबर लावलेत. मीठ मागितलं की नंबर विचारायचात."

"पण लगेच सापडायचं ना?"

"त्यापेक्षा बदली घ्या."

"रिटायर होईपर्यंत तिकडे एकटा राहू?"

जानकीबाईंनी त्यांच्या पाठीवरचा स्वेटर काढून घेतला. अक्षता उगाच टोप्या चाळत राहिली.

"भाऊ, यातलाच लेडीज दाखवा," जानकीबाई स्वेटरवाल्याला म्हणाल्या. मग नवऱ्याकडे न बघताच, "तिकडे डब्यांना हात लावायचा नाही."