बिनधुराच्या गाडीतला मामा

मंडळी, पूर्वरंगात तत्त्व सांगून झालं, निम्म्यांनी ते डोळे मिटून ऐकलं. हरकत नाही. आता गोष्ट आहे, आता आपोआप जागे व्हाल. पण गोष्टीआधी एक प्रश्न. देवानं माणसाला जे दिलं, अंगातली ताकद म्हणा, गोड गळा म्हणा, चार पैसे म्हणा, ते संपतं कशानं? वापरून संपतं, की दाखवून संपतं?

कोण म्हणालं 'वापरून'? तुम्ही? बरं. बसा. गोष्ट संपली की पुन्हा विचारतो.

चिपळुणात मुरारी कदम नावाचे गृहस्थ. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. माणूस वाईट नाही हो! एकच बहीण, शालन, घाटावर पाटणला दिलेली. तिचा नवरा तरणाताठा गेला. पदरात एक मुलगी, रेणुका. या मुरारीनं भाचीला काही कमी पडू दिलं नाही. शाळेची फी असो, दिवाळीचा फ्रॉक असो, दवाखाना असो, मामा हजर. शालन देवाखालोखाल कुणाला मानत असेल तर या भावाला.

त्या रेणूचं लग्न ठरलं. पाटणलाच, दुपारचा मुहूर्त. आता आपली रीत तुम्हाला मी काय सांगायची? गुरुजी पुकारतात, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन या! काका नव्हे, आत्याबाई नव्हे, मामा! मामानं मुलीचा हात धरून तिला अंतरपाटाशी आणायचं आणि तिच्या मागं उभं राहायचं. नवरीला काही मागं वळून बघता येत नाही. पण तिला ठाऊक असतं, पाठीशी मामा आहे. रेणूनं फोन केला, "मामा, मला आहेर नको, दागिना नको. तू फक्त वेळेवर ये. तू आल्याशिवाय मी खोलीतून बाहेर पडायची नाही."

मामा हरखला. म्हणाला, "अगं, मी असा येणार, असा येणार, की अख्खं पाटण बघत राहील."

चुकलं ना इथंच? पोरगी म्हणते 'वेळेवर ये'. हा म्हणतो 'असा येईन'. पोरीनं 'कसा' विचारलंच नव्हतं!

कारण काय, मामानं गाडी घेतली होती. विजेवरची. लहानशी, मोरपंखी रंगाची. धूर नाही, आवाज नाही. पण एकदा भरली की जायची बेताचीच. भाजी आणावी, नातवाला शाळेत सोडावं, अशा कामाची गाडी. विकणारा पोरगा सरळ होता. त्यानं सांगितलं, "काका, पाटणला पोचाल. घाटात जास्त खाईल, पण पोचाल. फक्त वाटेत इकडंतिकडं फिरवू नका, आणि एसी जपून लावा." म्हणजे गाडीला दोष नाही बरं का. नाहीतर उद्या पारावर सांगाल, बुवा विजेच्या गाडीला नावं ठेवून गेले. अहो, ती गाडी तुमच्याआमच्यापेक्षा खरी! आपल्या अंगात किती शिल्लक आहे, ते टक्क्यांत समोर लिहून दाखवते. तुमच्या कपाळावर असा आकडा असता तर देवळातसुद्धा टोप्या काढल्या नसत्या कुणी.

असो. गाडी रात्रभर भरली. सकाळी ओवाळली, नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली. बाजूला इंदूमामी बसली. पैठणी, नथ, मांडीवर आहेराची पिशवी. आणि निघाले वेळेच्या आधी! वेळेच्या आधी निघालेला माणूस फार धोक्याचा, मंडळी. उशिरा निघालेला घाईनं तरी जातो. हा म्हणतो, वेळ आहे की.

शिरगाव आलं. तिथं मामीचा भाऊ. मामा म्हणाला, "रस्त्यावरच घर आहे, नुसता हॉर्न देऊ." एरवी गाडी आली की घरघर ऐकून लोक बाहेर येतात. हिला तर घरघर नाही. मग मोठेपणा कळायचा कसा? म्हणून हॉर्न. एकदा वाजवला, दोनदा वाजवला, कुणी बाहेर येईना, तेव्हा आळीतली कुत्री बाहेर आली, आणि शेवटी मेव्हणा आला. "अरे वा दाजी, नवी?" संपलं! "बसा, बसा, एक चक्कर मारू." मेव्हणा बसला, त्याची बायको बसली, शेजारचे तात्या धोतर सावरत बसले. काचा वर, एसी सुरू. तात्या विचारतात, "सुरू कधी करणार?" मामा म्हणतो, "तात्या, आपण अर्धा गाव ओलांडला." बघा ती धन्यता! नाक्यापर्यंत नेलं, परत आणलं.

मामी म्हणाली, "अहो, तो आकडा बघा जरा. उतरला."

"उतरेना का. भरपूर आहे."

पुढं अलोरे. तिथं मावसभाऊ, बापू. या बापूकडं मोठी डिझेलची गाडी, जिना चढावा तशी चढावी लागते. गेली पाच वर्षं प्रत्येक लग्नाकार्याला बापू ती गाडी मांडवाच्या तोंडाशी लावायचा, आणि मुरारी एसटीतून उतरून तिला वळसा घालून आत जायचा. आलं ध्यानात? खरी गाडी मुरारीच्या पोटात कधीची पेटलेली होती, आणि ती काही विजेवर चालणारी नव्हती.

बापूला बसवलं. चक्कर मारली. बापू खिडकीबाहेर बघत बसला. उतरला आणि म्हणाला, "चहा घेणार?"

आता ज्यानं दुधात साखर पडावी म्हणून वाट बघितली, त्याला नुसता चहा विचारला तर काय होतं? मामा म्हणाला, "बापू, तू एसी नीट अनुभवलाच नाहीस. बस पुन्हा." दुसरी चक्कर! लांबची! धरणाच्या रस्त्यानं चढ चढून वर, आणि परत. उतरताना बापू म्हणाला, "छान आहे. बाजारहाटाला बरी."

मंडळी, त्या एका 'बरी' साठी मामानं निम्मी बॅटरी जाळली! आणि मामी आहेराची पिशवी छातीशी धरून बापूच्या ओट्यावर बसलेली. ती आता रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. म्हणाली, "रेणू वाट बघत असेल हो. बाकीचं राहू दे. चला."

चालले. घाट सुरू झाला, कुंभार्लीचा. वळणावर वळण, चढावर चढ. आकडा असा खाली येतोय, जसा दुपारच्या कीर्तनात तुमच्या माना खाली येतात. एसी बंद केला. काचा खाली केल्या. मामाची शेरवानी घामानं पाठीला चिकटली. मामीनं तर लिंबू-मिरचीसुद्धा तोडून टाकली, तेवढंच वजन कमी! आणि माथ्याजवळ आल्यावर समोरच्या पडद्यावर उगवलं, काय? कासव!

हसू नका. या गाड्यांत तशी खूण असते. शक्ती संपत आली, आता गाडी सरपटणार, हे सांगायला कासवाचं चित्र लागतं. मामाला काय माहीत? माहितीचं पुस्तक आलं होतं, ते अजून पिशवीतून निघालं नव्हतं. मामाला कासव म्हटलं की एकच ठाऊक, हे असं, या आपल्या सभामंडपातलं, गाभाऱ्यासमोरचं. त्यानं एक हात चाकावरून काढला आणि नमस्कार केला. "बघ इंदू. कूर्मावतार. देव पाठीशी आहे."

"मग हळू का झाली?"

"देवाच्या वाटेवर हळूच जायचं असतं."

अहो, कासव बोंबलून सांगतंय, संपलं, आता तरी कुणाची मदत माग! आणि हा त्याच्या पाया पडतोय. पण मामाला कशाला हसता? तुमच्याही दारात कासवं येऊन गेलीत. डॉक्टरांनी सांगितलं, दम लागतो, सांभाळा. बायकोनं सांगितलं, पोरगं हल्ली बोलत नाही, विचारा. तुम्ही काय केलंत? सत्यनारायण घातलात!

घाटमाथा ओलांडला आणि एका वाडीच्या तोंडाशी गाडी उभी राहिली. धक्का नाही, आवाज नाही. जशी मुक्यानं आली तशी मुक्यानं थांबली. समोर पिठाची गिरणी. गिरणीवाली बाई, हौसाबाई, डोक्यापासून पायापर्यंत पीठ. मामानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लावा की वायर. पर किती येळ लागंल?"

"पाटणपुरतं भरायला दोन-तीन तास."

"आन् लगीन कवा हाय?"

मामा घड्याळ बघायला लागला. मामीनं सांगितलं, "तासाभरात."

हौसाबाईनं मामाकडं बघितलं, शेरवानीकडं बघितलं, आणि पदरानं तोंड पुसलं. हसू पुसलं म्हणतात.

एवढ्यात घाट चढून एक टेम्पो आला. गुहागरची मासळी घेऊन कराडला चाललेला. हौसाबाईनं हात केला. टेम्पोवाला म्हणाला, "बसा की, पाटणवरूनच जातोय. म्होरं दोघांची जागा हाय."

देव धावून आला, मंडळी! आणखी कसा यायचा? मामाला काय वाटलं, देव गरुडावर बसून येईल? आला तो बर्फ गळत, बांगडे घेऊन आला. आणि मामा काय म्हणाला? "मासळीच्या टेम्पोतून? व्याह्यांच्या दारात? बापू मागून येऊन केव्हाच पुढं गेला, पोचला असेल तिथं. आणि गाडी इथं टाकून जाऊ?"

मामी म्हणाली, "गाडी कुणी नेत नाही. तिच्यात जायला काही उरलेलंच नाही. चला."

"तू थांब. थोडी भरली की निघू."

इंदूमामी इतक्या वर्षांत नवऱ्याच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. तिनं आहेराची पिशवी उचलली, पैठणीचा ओचा खोचला आणि टेम्पोत चढली. वर बसून म्हणाली, "पोरगी खोलीत बसून असेल. तुम्ही गाडीजवळ बसा."

आणि गेली. पेटीवाले, एक सूर धरा हलका. हां. एवढाच.

पाटणला मांडव भरलेला. बापू आलेला, गाडी मांडवाच्या तोंडाशी. गुरुजी पुकारतायत, मुलीचे मामा! पुन्हा पुकारतायत, मुलीचे मामा कुठं आहेत? रेणू आत बसलेली, उठायला तयार नाही. आणि तिची आई, शालन, कुठं असेल? कोठीच्या खोलीत. तांदळाच्या पोत्यामागं. का? तर नवरा नाही, शुभकार्यात पुढं कसं यायचं? कुणी लावला हा नियम? माझ्याकडं काय बघता, तुम्हीच लावलात! पोरीला जन्म तिनं दिला, कपडे शिवून वाढवलं तिनं, आणि अक्षता पडायच्या वेळी ती पोत्यामागं!

मामी टेम्पोतून उतरली ती थेट कोठीत. अंगाला बांगड्याचा वास. म्हणाली, "वन्सं, उठा. हे यायचे नाहीत."

शालन घाबरली. "अगं, अपघात?"

"काही नाही. गाडी दाखवत बसले. तुम्ही उठा. एक हात तुम्ही धरा, एक मी धरते."

"मी? अगं वहिनी, लोक काय म्हणतील?"

"लोकांच्यापायीच ते घाटात बसलेत. आपण नको बसायला."

आणि मंडळी, मुलीची आई बोहल्याशी आली! एका बाजूला मामी, एका बाजूला आई. गुरुजींनी पोथीत डोकं घातलं. एक दोन जावा कुजबुजल्या. रेणूनं आईचा हात असा धरला, की बांगडी रुतली. नवरीच्या मागची जागा रिकामी राहिली नाही. मामाला वाटत होतं, आपल्यावाचून अडेल. अडलं नाही हो!

मामीनं फोन लावला आणि तो हातात उंच धरला. इकडं गिरणीच्या ओट्यावर मामा. भिंतीतला प्लग जुना, ढिला. हात सोडला की निसटायचा. म्हणून मामा भिंतीला पाठ लावून उभा, एका हातानं प्लग दाबून धरलेला, मान वाकडी करून खांद्यानं कानाशी दाबलेला फोन. मंगलाष्टका ऐकतोय. त्यात बायकोनं सांगितलेलं ऐकतोय, वन्सं पुढं आल्यात म्हणून. रडला. खरं रडला. हौसाबाईला कणव आली. तिनं मूठभर तांदूळ आणले, कुंकू लावून. म्हणाली, "टाका हितनंच. मनानं पोचत्यात."

मंगलाष्टक संपलं, तिकडं मांडवात अक्षता पडल्या. इकडं मामानं हात उचलला. पण एका हातात प्लग! जागेवरून हलता येईना. समोर काय? मोरपंखी गाडी. त्यानं तिथूनच अक्षता टाकल्या, आणि त्या सगळ्या पडल्या गाडीच्या टपावर. झालं लग्न! पोरगी कुणाच्या घरी गेली ते गेली, मामाचं लग्न लागलं गाडीशी!

संध्याकाळी पोचला तो. पंगती उठल्या होत्या. बापू निघून गेला होता, म्हणजे दाखवायलाही कुणी उरलं नव्हतं. रेणू निघायच्या तयारीत. मामा समोर उभा राहिला, मान वर करवेना. त्याला वाटलं, भांडेल, बोलणार नाही, तोंड फिरवेल. ती वाकून पाया पडली आणि म्हणाली, "मामा, जेवलास का?"

बस. एवढंच. शिवी दिली असती तर परवडली असती.

आता सांगा, मघाचं उत्तर कुणाचं होतं? 'वापरून संपतं' म्हणणारे कुठं गेले? मामाची बॅटरी भाचीपाशी पोचेपर्यंत पुरत होती, मंडळी. ती संपली शिरगावच्या तात्यांत आणि अलोऱ्याच्या बापूत. तुमचं वेगळं काय आहे? दिवसभर गोड बोलायचं ते दुकानातल्या गिऱ्हाईकाशी, पारावरच्या मित्राशी. घरी येईपर्यंत शब्द संपलेले. आई विचारते, कसा गेला दिवस? तुमचं कासव झालेलं!

आणि हे पुढच्या रांगेतले. तासभर आधी येऊन सतरंजी धरलीत. देवाला दिसावं म्हणून, की गावाला? मला इथून सगळं दिसतं.

आता हार आहे, आरती आहे, प्रसाद आहे. पण कुणाचं माणूस आज घरी अंथरुणाला असेल, आणि निघताना म्हणालं असेल, 'लवकर ये रे', तर त्यानं आरतीला थांबू नये. आत्ता उठावं. सगळ्यांच्या देखत उठायला लाज वाटेल, ती वाटू द्या. हा विठोबा कुठं जात नाही, तो उद्याही इथंच उभा आहे. घरातलं माणूस असेलच असं नाही. उठा.