आकडा कुठून घेतलास?

धारच्या सायबर कॅफेत माझ्यापुढे काकू-पुतण्याचं जुंपलं होतं.

"काकू, सॉफ्टवेअर फुकट मिळालं, सीडीवर घेतलंय. घरी जाऊन टाकतो."

"भूपेंद्र, त्या कॉम्प्युटरवर बुवांची सगळी कीर्तनं आहेत. खोटं निघालं नि पुसली गेली तर?"

"अहो, प्रत्येक फाइलवरून एक लांबलचक आकडा निघतो; फाइल जराही बदलली की तोही बदलतो. तो दिलेल्या आकड्याशी जुळला. अस्सलच आहे!"

"आकडा कुठून घेतलास?"

"ज्या साइटवरून फाइल उतरवली, तिथूनच."

"धन्य! तुझ्या बहिणीच्या, अवंतीच्या स्थळाची चौकशी आपण नवऱ्या मुलाकडेच केली होती का रे?"

"हद झाली काकू! मग कुणाला विचारू?"

"ज्यांनी बनवलं, त्यांच्या साइटवर बघ."

"भिया, दस मिनट और!" भूपेंद्रनं कॅफेवाल्याला ओरडून सांगितलं.

"काय रे, जुळला का?"

"त्यांचा आकडा वेगळाच आहे, काकू."

"मोड ती सीडी. आणि घरी गेल्यावर आधी कीर्तनांची दुसरी प्रत काढ, शहाण्या!"