रंगाचं टोक

...नाही गं पोरी, तुझा हात नाही चुकला, आधी ते डोक्यातून काढ. दे इकडे तो तुकडा. हं— ही बघ चीर, जोडाच्या मधोमध, भांग पाडल्यासारखी सरळ. हात चुकला तर खड्डे पडतात, फुगे येतात, अशी चीर नाही जात. थांब, ड्रिलखाली धरतो. साध्या पोलादाचा कीस कसा निघतो? लांब, वेटोळ्यांचा, सफरचंदाच्या सालीसारखा— आणि हा? चुरा! बिस्किटाचा असावा तसा. गंधक आहे यात. किती म्हणतेस? शंभर किलोत पाव किलो, बस्स. तेवढ्यानं पोलाद भराभर कापलं जातं, लेथवाले खूश— पण वितळवून जोडायला जा, थंड होता होता मधोमध फाटतं. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली, हे सगळं गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन शिकलो. या शेफील्डमध्ये फुकट मिळतं ते एवढंच— शिव्या आणि रस्त्यांचे चढ.

पण हा दांडा तुला दिला कुणी? मॉरीननं? अरे देवा— मंगळवारी मी दात काढायला गेलो होतो, मेहुणीला दुकानात बसवून. तिला बिचारीला काय ठाऊक, बाकाखालचा दांडा विकायचा नसतो. का नसतो— चहा घे. घे गं, केलाय आता.

असं बघ, माझ्याकडे प्रत्येक दांड्याच्या एका टोकाला रंग असतो. गंधकवाल्याला जांभळा, साध्याला पांढरा. आणि कापायचं ते नेहमी कोऱ्या टोकाकडून— रंग शेवटपर्यंत राहिला पाहिजे, नाहीतर ओळखायचं कशावरून? दिसायला सगळी सारखीच. हे धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. आणि अकरा वर्षांपूर्वी मी, चाळीस वर्षं पोलाद विकलेला माणूस, जांभळा दांडा करवतीवर उलटा पडलेला, फिरवायचा कंटाळा केला. का? समोरच्या दुकानातली बेकनची सँडविचं संपत आली होती. हस, हस— मीही हसलो असतो. रंगाचं टोक गिऱ्हाइकाबरोबर गेलं आणि उरलेला कोरा दांडा मी सरकवला साध्यांच्या कप्प्यात. नंतर रंगवू म्हटलं.

आठवड्यानं एर्नी ब्रूमहेड आला. तू ओळखत नसणार— या अख्ख्या गल्लीत त्याच्यासारखा जोड घालणारा दुसरा नव्हता, लोक त्याचं काम बोट फिरवून बघायचे. साधा समजून मी त्याच कोऱ्या दांड्याचा तुकडा दिला; त्यानं त्याचं कडं केलं, कप्पी टांगायला तुळईला जोडलं. महिनाभर टिकलं. मग एकदा लेथ उचलताना तुटलं, आणि खाली त्याचा डावा हात. मनगटापासून गेला. मी इस्पितळात द्राक्षं घेऊन गेलो तर म्हणतो, ‘क्लिफ, माझाच जोड फुटला रे. म्हातारा झालो.’ चौपन्न वर्षांचा माणूस! आणि मी काय म्हणालो? ‘होतं असं, एर्नी.’ होतं असं! तुटलेलं कडं ड्रिलखाली धरून आलो होतो मी, चुरा बघून आलो होतो— आणि होतं असं! त्यानंतर आपला हात फितूर झाला असं तो सगळ्यांना सांगतो, आणि मी शेजारी बसून मान हलवतो. दर शुक्रवारी येतो, दहाला. मी त्याच्या चहात साखर ढवळून देतो. मॉरीन म्हणते, असा मित्र मिळायला नशीब लागतं.

उरलेला दांडा टाकला का नाही? भंगारवाला विचारतो ना, काय आहे हे म्हणून. सांगावं लागलं असतं, मोठ्यानं. म्हणून बाकाखाली... आणि आज तू दारातून आत आलीस ती काय म्हणत? ‘माझा हात चुकला.’ आणखी एक!

ऊठ. तो पांढऱ्या टोकाचा दांडा घे, पैसे नकोत, आणि कोऱ्या टोकाकडून काप. किती वाजले? पावणेदहा, आणि आज शुक्रवार— तो तुकडा कुठे नेतेस? राहू दे. कीसही झाडू नकोस. ठेव तिथं, त्या दुसऱ्या कपाशेजारी. हो, एर्नीचाच कप. आणि जाताना दार लोटू नकोस— जड आहे ते, त्याला एका हातानं ढकलवत नाही. जा आता. जा.