झाडे सरांचा राहिलेला चहा

काकू, सरांचे सगळे सोबती, शाळेतले गुरुजन, आणि माझ्या टीमच्या पोरींनो,

मला उभं राहून बोलायची सवय नाही. मी कॅचर. तोंडावर जाळी बांधायची, बॅटरच्या मागं उकिडवं बसायचं आणि पिचरनं टाकलेला चेंडू झेलायचा, हेच मी इतकी वर्षं केलं. जाळीआडून मी लय ओरडते, कोणाची भीडभाड ठेवत नाही. आज जाळी नाही, तर आवाजच निघत नाही. सांभाळून घ्या.

गुरुवारी दुपारी झाडे सर जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. उन्हाळ्यात ते दुपारी झोपायचेच. काकू सांगत होत्या, "म्या म्हटलं झोपू द्यावं, थकून आले मैदानावरून." काकू, तुम्ही बरोबरच केलं. त्यांना झोपमोड केलेली आवडत नव्हती.

सर शाळेत पीटीचे मास्तर होते, निवृत्त झाल्यावरही शिट्टी गळ्यातच, हे तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या आर्वीत मुलींची बेसबॉलची टीम त्यांनी उभी केली, हेही माझ्याआधी बोलणाऱ्यांनी सांगितलं. मी फक्त त्यांच्या एका अर्धवट कामाबद्दल बोलणार आहे. सर गेले तेव्हा पुढच्या हंगामाची टीम ठरत होती. सगळं ठरलं होतं. एक नाव तेवढं टीममधून काढायचं राहिलं होतं. ते कोणाचं, हे सरांनी कोणाला सांगितलं नाही. पण मला माहीत आहे. तेच सांगायला मी उभी आहे.

टीम कशी ठरायची, ते आधी सांगते. सामने संपले, परीक्षा संपल्या की मैदान ओस पडायचं. मग सर संध्याकाळी कडुनिंबाखालच्या ओट्यावर येऊन बसायचे. एकटेच. समोर कोणी नाही. बाजार समितीकडून कापसाचा एखादा पुंजका उडत यायचा, मैदानभर हिंडायचा आणि कुठंतरी बसायचा. जमिनीतून वाफ निघत असायची. त्या वाफेत पलीकडची भिंतसुद्धा हलायची. सर टोपी मागं सरकवून बघत राहायचे. आपल्यापैकी कोणी तिकडून गेलं की हाक यायची.

"इकडं ये, पोरी. बस. समोर पाह्य. तिसऱ्या बेसवर कोण दिसून राह्यलं तुले?"

"कोणीच नाई, सर. मैदान खाली आहे."

"नीट पाह्य. काऊन घाई करतं?"

आणि तुम्हाला सांगते, खरंच दिसायचं. जरा वेळ गप्प बसलं, डोळे थोडे बारीक केले, की त्या रिकाम्या जागेवर कोणीतरी गुडघ्यावर हात ठेवून वाकलेली दिसायची. कधी रेश्मा, कधी कोमल. वेणीसकट दिसायची. आमच्यातल्या कितीजणींनी हे केलं आहे? हात वर नका करू, मला माहीत आहे, सगळ्यांनीच.

जी दिसली, ती टीममध्ये. जी कितीही वेळ बघून दिसली नाही, तिच्या घरी सर चहाला जायचे. शाळेच्या फळ्यावर नाव नाही, कोणाच्या हाती निरोप नाही. स्वतः जायचे. चहा प्यायचे, शेतातल्या कापसाची, पऱ्हाटीची चौकशी, आजोबांच्या गुडघ्याची चौकशी. आणि निघताना दारात चपला घालता घालता म्हणायचे, "यंदा तू आराम कर, बाई." झालं.

म्हणून सरांची स्कूटर गल्लीत वाजली की पोरी मागच्या दारानं पळायच्या. एकीच्या आईनं तर दारातच सांगितलं, साखर संपली, सर. सर म्हणाले, "बिनसाखरेचाही चालते." हसा, काकू. तुम्हीच आम्हाला ही गोष्ट सांगितली होती.

माझ्याही घरी ते आले होते. तेव्हा मी कॉलेजात होते, आणि माझी फेक दुसऱ्या बेसपर्यंत पोचत नव्हती. मला कळलं होतं ते कशाला येताहेत. पण माझ्या आईला खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की घरात लग्नाच्या वयाची पोरगी आहे, आणि एक पोक्त माणूस इस्तरीचा शर्ट घालून, आधी सांगून चहाला येतोय. म्हणजे स्थळच आणलं. तिनं मला साडी नेसवली. कांदेपोहे केले. बाबा भर दुपारी दुकान बंद करून घरी आले. शेजारच्या मावशी पडद्यामागं.

सर बसले. पहिली प्लेट झाली, आईनं दुसरी वाढली. बाबा खाकरले आणि म्हणाले, "मंग, पोरगं काय करते, सर?"

सर म्हणाले, "कोणतं पोरगं?"

मग त्यांनी मान वर करून मला पाहिलं. मी हातात चहाचा ट्रे घेऊन, डोक्यावर पदर घेऊन उभी. कॅचर. त्यांना सगळं उमगलं. बराच वेळ ते पोहे चावत बसले. मग म्हणाले, "तुमची पोरगी चांगली आहे, शेठजी. लय चांगली आहे." उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. तेवढं एक वाक्य काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. मी टीममध्ये राहिले, ती अशी. बाबांना पुढं कितीतरी दिवस वाटत होतं, की सर पोराकडच्यांना विचारून पुन्हा येतील.

त्या वर्षी मी हात मोडेपर्यंत फेकलं. पोचला चेंडू दुसऱ्या बेसपर्यंत.

मग दिवस गेले. माझं लग्न झालं, मी वर्धेला गेले, बोरगाव मेघेला संसार मांडला, शाळेत लागले. खेळायला येण्यासाठी रविवारची आर्वीची एसटी मात्र सोडली नाही. आणि मागच्या हंगामात आपली टीम मोडली. पिचर नागपूरला सासरी गेली. रेश्मा पोलिसात लागली. एक नर्सिंगला गेली. आपण सगळीकडे हरलो, आणि वाईट हरलो. गावात लोक म्हणायला लागले, सर, बस झालं आता. सर म्हणाले, "वावर एक साल पडीत ठेवलं तं वावर मरते काय?"

त्यांनी नवीन पोरी आणल्या. ज्यांनी आजवर चिंचेलाच दगड मारले होते, त्यांच्या हातात चेंडू दिला. जुन्यांपैकी काहींच्या घरी चहा प्यायले. त्या आज इथं आल्या आहेत. एकजणही रुसून घरी बसली नाही, हे मला सांगितलंच पाहिजे.

सर जायच्या आधीच्या रविवारी मी आणि सर त्याच ओट्यावर बसलो होतो. ऊन उतरत होतं, सगळं मैदान पिवळं झालं होतं. सर एकेक जागा विचारत गेले. पहिला बेस? कोमल. मधलं लांबचं मैदान? ती नवी, उंच, दात पुढं असलेली. हो, तीच. सर खुश. डोळे मिटल्यासारखे करून ते जणू सामनाच बघत होते. एकदा तर हळूच म्हणाले, "गेला, गेला, सुटला चेंडू." मला वाटलं झोपले. झोपले नव्हते.

मग म्हणाले, "अन् प्लेटच्या मागं?"

मी पाहिलं. खूप वेळ पाहिलं. ती कॅचरची, माझी जागा, तिथली माती मला हातानं ओळखू येते. तिथं कोणीतरी बसलेलं होतं, जाळी बांधून. पण ती मी नव्हते. बसायची ढब वेगळी होती. डावा खांदा जरा खाली. ती वैष्णवी होती, आपल्या डेपोमागं राहणारी.

मी वाकून बुटाची नाडी बांधत राहिले. सर चष्मा शर्टाला पुसत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी वर्धेले येतो. तुह्या घरी चहा घेऊ."

"काऊन, सर? काही काम आहे काय वर्धेत?"

"काम काय असते? चहा घेऊ."

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. राग आला होता, खूप आला होता. तुम्हाला वाटेल, एवढ्या मोठ्या बाईला, मास्तरणीला, खेळाचा काय राग? पण त्या जाळीआड मी जशी असते, तशी दुसरीकडे कुठंच नसते. घरी नाही, शाळेत नाही. नवऱ्याला सांगून टाकलं, रविवारी आपण नागपूरला जाऊ, कुलूप लावून.

गुरुवारी फोन आला.

काल रविवार होता. मी नागपूरला गेले नाही. दुपारभर दार उघडं ठेवून बसले. कूलर चालू होता, डोळा कधी लागला कळलं नाही. सर आले होते. समोरच्या खुर्चीवर बसले होते, टोपी मांडीवर. चहा घेत होते. आर्वीला पाऊस यंदा लवकर येते म्हणत होते. मी वाट पाहत होते, आता म्हणतील, आता म्हणतील. ते आपले दाराकडे बघत होते, चपलांकडे. शेवटी मीच म्हणाले, "सांगून टाका ना, सर."

सर म्हणाले, "तूच सांग. तुले तं दिसलं होतं."

जाग आली तेव्हा दारात ऊन होतं, बाकी कोणी नव्हतं.

आता हे कोणालाच माहीत नव्हतं. मी गप्प राहिले असते, तर पुढच्या हंगामात प्लेटमागं मीच बसले असते. कोणी उठवलं नसतं. उलट, सरांची जुनी कॅचर म्हणून तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. हो ना? आणि ती जागा तशीच अडून राहिली असती.

वैष्णवी. उभी राह्य. रडू नको, आधी ऐक. येत्या रविवारपासून प्लेटमागं तू बसजो. सर म्हणाले म्हणून नाही, मी डोळ्यानं पाहिलं म्हणून. तुझी फेक दुसऱ्या बेसपर्यंत पोचत नाही, ते मला माहीत आहे, सगळ्यांना माहीत आहे. मी दुसऱ्या बेसवर उभी राहीन. पोचेपर्यंत उभी राहीन. खांदा तेवढा सरळ ठेवजो, बाई.

बस, झालं माझं. आता सगळ्यांनी उभं राहावं. किती वेळ, ते मी सांगत नाही. सरांनी घड्याळ कधी लावलं नाही. ज्याचं मन भरेल त्यानं बसावं, आणि तोवर कोणी कोणाशी बोलू नये.

सर, नमस्कार करते. तुमचं चहाचं एक घर राह्यलं होतं. तिथं मी जाऊन आली.