सेव्हिलमध्ये साडेआठच्या आधी जेवण नाही

हॅलो?

हॅलो… कोण, वहिनी? अगं, आवाज तुटतोय. सेव्हिलहून बोलतेस ना?

हो, हो, घरीच आहे. लॅबमधून आत्ताच आले. काय झालं?

वहिनी, रडू नकोस. आधी सांग, आई कशी आहे?

घाम? … फक्त कपाळावर की सगळ्या अंगाला? … आणि हात थरथरतायत. बोलतेय का?

चिडून बोलतेय. बरं. चिडतेय म्हणजे शुद्धीवर आहे. शेवटचं कधी खाल्लं तिनं?

दुपारी. आणि इन्सुलिन?

हॉटेलातून निघतानाच घेतलं? पण जेवण समोर नसताना… हो. हो, कळलं. घरी कॉव्हेंट्रीत घेते तसं. सुई टोचायची, कुकर उतरवायचा, पानं घ्यायची. आणि आज सुई टोचून तुम्ही रेस्टॉरंटमध्ये गेलात तर…

किचन बंद. साडेआठला उघडणार. अगं, स्पेनमध्ये तसंच असतं, रात्रीचं जेवण साडेआठ-नऊनंतर. … माहीत आहे, तुम्हाला वाटलं इकडच्यासारखं सहापासून मिळेल. … चूक कोणाची ते नंतर बघू. अगं ऐक ना. ऐक. मीटर आहे का जवळ?

तुझ्या पर्समध्ये. शाबास. तपासलंस?

तीन पूर्णांक एक.

…

ऐकतेय. कमी आहे, चारच्या वर हवी, पण आपल्या हातात आहे अजून. मी डॉक्टर नाही वहिनी, पण दिवसभर दुसऱ्यांच्या रक्तातली साखरच मोजत असते. तिला आत्ता साखर द्यायची. आधी साखर, मग जेवण. ग्लुकोजच्या गोळ्या?

हॉटेलात, दुसऱ्या पर्समध्ये. संध्याकाळी फिरायला म्हणून तिनं चांगली पर्स घेतली. बरं, आणि ज्यूस? मी दिला होता तो? … विमानतळावर काढून घेतला. हो, हल्ली पाण्याची बाटलीसुद्धा नेऊ देत नाहीत. औषधासाठी आहे म्हणून सांगायचं… जाऊ दे. दशम्या तरी असतील की थोड्या?

दादानं या वेळी डबा न्यायचाच नाही असं ठरवलं. बाकावर बसून दशम्या खायला लाज वाटते त्याला. असू दे, असू दे. कुठे उभे आहात तुम्ही?

चौकात, आई बाकावर. आणि दादा कुठे गेला?

संत्रं तोडायला! वहिनी, हाक मार त्याला, आधी हाक मार. … अगं, रस्त्यावरची ती संत्री शोभेची, कडू जहर असतात. ब्रेडला लावतो तो मार्मलेड त्यांचाच होतो, पण वाटीभर साखर घालून. नुसतं खाल्लं तर थुंकून टाकेल ती. … आला परत? बरं. समोर काय दिसतंय? एखादा बार आहे का, उघडा?

हो, बारच म्हणतेय. आईला बारमध्ये न्यायचं. … अगं, तिथला बार म्हणजे दारूचा अड्डा नव्हे. आज्या नातवंडांना घेऊन बसतात तिथे. तिला काही समजावत बसू नकोस, हाताला धर आणि चल. दादाला पुढे पाठव. संत्र्याचा ज्यूस, नाही तर कोक.

दोन्ही बाजूंनी धरलंय ना? हळू. पायरी असेल… हं. बसवलंत? छान. दादानं काय आणलं?

डाएट कोक.

वहिनी, डाएट कोक बाजूला ठेव. … सवयीनं मागितला असेल, मला कळतंय. अकरा वर्षं तिच्यासाठी तोच मागतोय तो. पण त्यात साखर नसते, म्हणून तर आपण तिला तो देतो ना. … नको, दुसऱ्याची वाट नको बघू. कॉफीबरोबर देतात त्या साखरेच्या पुड्या असतील बघ काउंटरवर. … त्याच. इकडच्यापेक्षा मोठ्या असतात, दोन पुरेत. ग्लासात थोडं पाणी, दोन्ही पुड्या घाल, ढवळ, दे.

काय म्हणते? … 'मला चालत नाही'.

… 'डॉक्टरांनी मनाई केलीय'. वहिनी, साखर उतरली की माणूस असाच हटून बसतो. तिच्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. … दादानंही सांगून बघितलं? … दे, तिच्या कानाला लाव फोन.

आई. आई, मी सुचेता.

हो, कार्डिफहून. आई, समोरच्या ग्लासात आहे ते पिऊन टाक.

हो, साखर आहे त्यात. मीच घालायला सांगितली.

नाही गं, वहिनी तुला मारायला निघालेली नाही. … आई. … आई, ऐक. अकरा वर्षं मी तुला साखर खाऊ नको म्हणतेय ना? आमच्या देवच्या, तुझ्या नातवाच्या वाढदिवसाला तुझ्या ताटातली जिलबी मी सगळ्यांसमोर उचलून घेतली. दोन दिवस बोलली नाहीस माझ्याशी. तीच मी आज पी म्हणतेय. मग काहीतरी कारण असेल की नाही?

आधी पी, मग भांड. … एक घोट. … हं. … अजून. … सगळं, आई. रिकामा ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज यायला हवा मला.

…

आला.

वहिनी, तळाशी साखर राहिलीय का? मग थोडं पाणी घालून तेही दे. … बरं. आता पंधरा मिनिटं थांबायचं आणि परत मीटर. … नाही, लगेच दिसणार नाही. पोटातून रक्तात पोचायला वेळ लागतो. फोन ठेवू नकोस. … बॅटरी कमी आहे? मग एक आधीच सांगून ठेवते. ती पेंगायला लागली, गिळेनाशी झाली, तर तोंडात काहीही घालायचं नाही. सरळ एक-एक-दोन फिरवायचा. युरोपात सगळीकडे तोच नंबर. म्हण बघू. … बरोबर. दादालाही सांगून ठेव.

अगं, मी का ओरडेन तुझ्यावर? … वहिनी, तिकिटं कोणी काढली? मी काढली. ती वर्षभर नको नको म्हणत होती, 'या वयात कुठे परमुलखात' म्हणत होती, आणि मी सत्तरीची भेट म्हणून काढली. तिला काही झालं असतं तर… नाही. नाही झालं. ते जाऊ दे.

तोवर खायचं बघू. काउंटरवर काचेखाली काय काय आहे? … नावं नकोत, दिसतंय ते सांग. … पिवळं, गोल, केकसारखं कापलेलं. तेच! बटाट्याचं ऑम्लेट ते. तोर्तिया. बटाटा, अंडं, कधी कांदा. अंडं चालतं आईला. बोट दाखव, बास. आणि ब्रेड. … हो ना, त्यासाठी किचन उघडायची वाट बघावी लागत नाही. लोक रात्रीच्या जेवणापर्यंत असंच काहीबाही खात उभे असतात. तापास म्हणतात.

लालसर, पातळ काप? नको, ते हॅम, डुकराचं. वर बघ, छताला आख्ख्या तंगड्या टांगलेल्या असतील. … बघवत नाही? मग नको बघूस. … आणि हे लक्षात ठेव, नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. 'हॅम नको' हे वेगळं सांगायचं. मागे आम्ही बार्सिलोनाला गेलो होतो, मी मांस नको म्हणाले, तर मटारांवर हॅमचे तुकडे पेरून आले. वेटर बिचारा माझ्याकडेच चकित होऊन बघत राहिला. … 'सिन हामोन'. सिन. हामोन. दादाला म्हणू दे, त्याचा आवाज मोठा आहे.

ऐकू आलं. फोन नसता तरी कार्डिफपर्यंत ऐकू आलं असतं.

आईचा चेहरा कसाय? … घाम पुसलास तो परत आला का? … नाही. बरं. बरं. … मी शांत? अगं, घाबरले की मी हळू बोलते. माझ्या नवऱ्याला विचार, अतुल समोरच उभा आहे, त्याचाच चेहरा पांढरा झालाय.

झाली नाहीत ना पंधरा मिनिटं? मग बोलत राहू. उद्याचं सांगते. तिथलं खरं जेवण दुपारचं. दोनच्या सुमाराला बसायचं, 'मेनू देल दिया' मागायचा, म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं जेवण. सूप, मुख्य काहीतरी, शेवटी फळ. आई फळ घेईल. … बाराला नाही, वहिनी. बाराला गेलात तर परत हेच. … मग दुकानं बंद होतात. तेव्हा उन्हात भटकायचं नाही, सरळ हॉटेलात येऊन पडायचं. सगळं गाव पडतं. आईला सांग, पस्तीस वर्षं इंग्लंडनं तुला दुपारी आडवं होऊ दिलं नाही, इथे राजरोस झोप.

कॅथीड्रल सकाळी, उघडल्या उघडल्या. नंतर रांग वाढते. … आणि पर्स पाठीवर नको, पोटाशी. गर्दीत दादाला फोटो काढायचे असले की तू कॅमेऱ्याकडे बघू नकोस, पर्सकडे बघ. … संध्याकाळी पाचनंतर परत बाहेर पडा. म्हाताऱ्या बायका छान कपडे करून बाकांवर येऊन बसतात, काही करत नाहीत, नुसत्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघतात. आईला तेच जास्त आवडेल, कॅथीड्रलपेक्षा.

आणि सुई, वहिनी, ताटली समोर आल्याशिवाय टोचायची नाही. निदान तिथे असेपर्यंत. सकाळी मी तिच्या डायबेटिस नर्सला फोन करते, ती सांगेल तसं पुढचं. आज झोपायच्या आधी मीटर परत लावायचं, आणि उशाशी ज्यूस.

झाली? … थांब, आधी तिचं बोट धुऊन पुसून घे. बोटाला साखर लागली असेल तर मीटर खोटं सांगेल. … पाण्यानं. कोरडं कर. … हं.

…

किती?

परत सांग.

चार पूर्णांक आठ.

थांब हं वहिनी. अतुलला सांगते. … अतुल, चार पूर्णांक आठ. … हो. … हो रे. … वहिनी, आता तू रड हवं तर. आता चालेल.

तिला बोलायचंय? दे.

आई? कसं वाटतंय? … डोकं जड. ते होतं, जाईल थोड्या वेळात. … सगळे बघतायत? बघू देत. … कोण, शेजारच्या टेबलावरच्या बाई? त्यांनी स्वतःचा पंखा दिला तुला वारा घ्यायला? … त्या स्पॅनिश बोलतायत. आणि तू? … मराठी. बरं. मग काय कळलं? … त्यांचेही गुडघे दुखतात. हो, ते हातानं सांगता येतं खरं.

आई, एक विचारू? आवडली का? … साखर गं. इतक्या वर्षांनी. … नुसती गोड? ना वास, ना चव? … एवढ्यासाठी जीव टाकत होते म्हणतेस. … बरं झालं, आता माझ्यावरचा राग तरी जाईल. … नाही जाणार. ठीक आहे.

हे बघ, मनात आलं तर उद्याच्या उद्या परत येऊ शकतेस. मी विमान बघते. खरंच. मी काही म्हणणार नाही. … का? … रविवारीच येणार? … उद्या दुपारी झोपून संध्याकाळी त्या बाईंना भेटायचंय, चौकात. … आई, त्यांनी तसंच म्हटलं कशावरून? … बाक दाखवला आणि घड्याळ दाखवलं. मग तसंच असेल.

काय आलं समोर? तोर्तिया? खा. … आपल्या बटाट्याच्या भाजीसारखं, फक्त फोडणी नाही. … तर मिरची माग. … नाही, माझ्याशी बोलू नकोस, खा आधी. फोन टेबलावर ठेव. बंद नको करूस. … कशाला म्हणजे? काही नाही. मला ऐकू दे नुसतं.

…

शू, अतुल. … काटा वाजतोय. … दादा आणखी काहीतरी मागतोय. … ती बाई हसली बहुतेक. … आता आई बोलतेय, 'तुम्ही घ्या ना थोडं' म्हणतेय. मराठीतच…

हॅलो? … वहिनी? … हॅलो?

गेला. बॅटरी संपली. … नको, अतुल, दादाच्या फोनवर नको लावूस. जेवतेय ती.